समुद्राचा तळ राखायचा, तर मानपाड्यातून काय करता येईल?

१ जून उजाडला की मासळीबाजारात एकच वाक्य ऐकू येतं, ‘आता दोन महिने बंदी.’ बंदी कशाची, कुणाला, कुठवर, असं विचारलं की उत्तरं अर्धवट येतात. गिऱ्हाइकाला वाटतं, भाव चढवायचं हे निमित्त. विकणारीला वाटतं, हा भाव पाडायला चौकशा करतोय. दोघंही एकमेकांकडे संशयानं बघत राहतात आणि ज्याच्याकडे बघायला हवं तो त्या वेळी बाजारात नसतोच.

हा लेख मानपाड्यातल्या मासे खाणाऱ्या वाचकासाठी आहे. मानपाडे दोन, एक घोडबंदर रस्त्यावरचा ठाण्याचा आणि दुसरा डोंबिवली पूर्वेचा. दोन्हीकडून समुद्र दिसत नाही. तरी दोन्ही ठाणे जिल्ह्यातच येतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यापासून या जिल्ह्याच्या वाट्याला उघड्या समुद्राचा किनारा उरला तो उत्तन, चौक, पाली या पट्ट्यातला. म्हणजे ‘आमचा आणि समुद्राचा काय संबंध’ असं म्हणायची सोय आपल्याला सरकारी नकाशानंही ठेवलेली नाही.

आधी नेमकं काय वाचवायचं आहे ते पाहू.

तळावर काय होतं

ट्रॉल म्हणजे शंकूच्या आकाराचं भलंमोठं जाळं, बोटीच्या मागे ओढायचं. त्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन बाजूंना दोन जड फळ्या असतात. पाण्याच्या दाबानं त्या एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात आणि जाळं पसरतं. तोंडाची खालची दोरी वजनदार असते, कुठे साखळी लावलेली असते, कारण ती तळाला टेकली पाहिजे. कोळंबी, माकूल, शिंगाळा असा माल तळाशी मिळतो, म्हणून जाळंही तळावरूनच जायला हवं. फळ्या चिखलात चर पाडत जातात, मागे गढूळ पाण्याचा लोट उठतो आणि मधे जे काही उभं असेल, स्पंज, मऊ प्रवाळ, समुद्रपंखे, ते मोडतं किंवा जाळ्यात येतं. जाळ्याच्या निमुळत्या टोकात सगळ्याचा एकच ढीग होतो. त्यातला विकण्याजोगा माल निवडतात. उरलेली बारीक मासळी कुटीला जाते, म्हणजे वाळवून, दळून तिचं कोंबड्यांचं आणि कोळंबीशेतीचं खाद्य होतं.

चिखलाचा तळ पुन्हा काही प्रमाणात सावरतो. प्रवाळांचं तसं नाही. हवाईजवळच्या खोल पाण्यातल्या एका काळ्या प्रवाळाचं वय शास्त्रज्ञांनी ४,००० वर्षांहून अधिक काढलं आहे. असं काही एकदा मोडलं की आपल्या हिशेबात ते कायमचंच गेलं.

आपल्याकडच्या चर्चेत एक गल्लत नेहमी होते, तीही इथेच सांगून टाकतो. पावसाळी बंदीनं तळ वाचत नाही. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांची बंदी माशांच्या विणीसाठी आहे आणि खवळलेल्या समुद्रात खलाशांचे जीव जाऊ नयेत म्हणूनही आहे. दोन्ही कारणं रास्त आहेत. पण ६१ दिवसांत मोडलेला प्रवाळ पुन्हा उभा राहत नाही आणि १ ऑगस्टला त्याच जागेवरून पुन्हा फळ्या फिरतात. तळ राखायचा तर काळाची बंदी पुरत नाही, जागेची बंदी लागते. अमुक रेषेच्या आत बारा महिने ट्रॉल ओढायचं नाही, अशी. ठाण्याच्या मानपाड्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द रोज दिसते, कुंपण आहे, फाटक आहे, आत जायची वेळ ठरलेली आहे. समुद्रातल्या बंद क्षेत्राला यातलं काहीच नसतं, असते ती राजपत्रातली अक्षांश-रेखांशांची एक ओळ. ती ओळ आहे का आणि ती पाळली जाते का, हे विचारणारं कुणी किनाऱ्यावर असावं लागतं. ते काम डोंबिवलीत बसूनही होतं.

पहिलं काम: पाणी कुणाचं ते ठरवा

तक्रार फुकट जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ती चुकीच्या दारात दिलेली असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हे प्रादेशिक पाणी. इथली मासेमारी राज्याच्या कायद्यानं चालते, ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१’. त्याच्या पुढे २०० सागरी मैलांपर्यंत, सुमारे ३७० किलोमीटर, हे अनन्य आर्थिक क्षेत्र. तिथे केंद्र सरकारचा हुकूम चालतो. एकच बोट सकाळी राज्याच्या पाण्यात असते आणि दुपारी केंद्राच्या, त्यामुळे तक्रारीत जागा लिहिलेली नसेल तर दोन्ही कार्यालयांना हात झटकणं सोपं जातं.

राज्याच्या पाण्यात सरकार अधिसूचना काढून ठरावीक क्षेत्रात, ठरावीक प्रकारच्या नौकेला, ठरावीक जाळ्याला, ठरावीक काळापुरती मनाई करू शकतं. ही ताकद १९८१ पासून कायद्यात आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात यांत्रिक ट्रॉलिंगला मनाई तेव्हापासूनची, आणि तिची हद्द ठिकाणानुसार ५ वाव किंवा १० वाव खोलीनं मोजतात. एक वाव म्हणजे सहा फूट. हद्द खोलीवर ठरवण्यात एक शहाणपण होतं, कारण बोटीवर उपकरण नसलं तरी बोट चालवणारा तांडेल दोरी सोडून वाव सांगू शकतो. अडचण मात्र अशी की कारवाईच्या वेळी ‘त्या क्षणी खाली किती वाव पाणी होतं’ हे सिद्ध करत बसावं लागतं. नवीन मागणी करताना खोलीबरोबर अक्षांश-रेखांशही मागायचे ते यासाठी.

केंद्राच्या पाण्यातलं आपलं सगळ्यात मोलाचं उदाहरण म्हणजे आंग्रिया बँक. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं हे पठार, नाव कान्होजी आंग्र्यांचं. उत्तर-दक्षिण सुमारे ४० किलोमीटर लांब. माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, त्यामुळे तिथवर सूर्यप्रकाश पोहोचतो आणि प्रवाळ जगतात. कडेला मात्र तळ खोल उतरत जातो. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या पथकानं तिथे जाऊन पाहणी केली. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, हे क्षेत्र संरक्षित करावं असं केंद्राला सांगायचं राज्यानं ठरवलं.

इथे कायद्याची एक मेख आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्य करायचं तर ते प्रादेशिक पाण्यापर्यंतच करता येतं. आंग्रिया बँक त्या रेषेच्या कितीतरी पलीकडे. म्हणून तिच्यासाठी १९७६ चा सागरी क्षेत्रांचा केंद्रीय कायदा वापरावा लागतो, ज्याखाली सागरी पर्यावरणाच्या रक्षणासाठी ‘निर्दिष्ट क्षेत्र’ जाहीर करता येतं. ‘आंग्रिया बँकेला अभयारण्य करा’ अशी सह्यांची मोहीम म्हणजे चांगल्या हेतूनं चुकीच्या खिडकीवर लावलेली रांग. मागणीत शब्द ‘निर्दिष्ट क्षेत्र’ हवा आणि पत्र दिल्लीला जायला हवं.

दुसरं काम: चालू आदेश मिळवा आणि वाचा

ऐकीव माहितीवर भांडू नका. पावसाळी बंदीचं परिपत्रक दर वर्षी नव्यानं निघतं. तारखा, सूट, दंड, सगळं त्यात असतं. बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना बंदीतून सूट असते, त्यामुळे जूनमध्ये वल्ह्याची होडी दिसली म्हणून लगेच व्हिडिओ काढून समाजमाध्यमांवर टाकणं हा अन्याय होईल.

जाळ्यांचे आणि दंडांचे नियम २०२१ च्या दुरुस्तीनं कडक झाले. एलईडी दिवे लावून मासेमारी केल्यास दंड ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत जातो. केंद्रानं आपल्या पाण्यात एलईडी मासेमारी आणि दोन बोटींनी जोडीनं ओढायचं ट्रॉलिंग नोव्हेंबर २०१७ मध्येच बंद केलं, आणि नोव्हेंबर २०२५ च्या नव्या नियमांतही ती बंदी आहे. पण नीट वाचा, बंदी जोडीच्या ट्रॉलिंगला आहे. एकट्या बोटीनं तळावरून जाळं ओढायला खोल समुद्रात सरसकट मनाई नाही. ‘भारतात ट्रॉलिंगवर बंदी आहे’ असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते खरं नाही, आणि अर्जात तसं लिहिलं तर अधिकारी पहिल्या ओळीतच आपल्याला अडाणी ठरवून मोकळा होतो.

तिसरं काम: बाजारात कंपासपेटीतली पट्टी

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींच्या मासळीचं किमान आकारमान ठरवून दिलं. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. शिफारस केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची होती आणि तत्त्व साधं, माशाला आयुष्यात एकदा तरी अंडी घालू द्या. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर, घोळ ७०० मिलिमीटर. याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, पापलेट हा राज्यमासा जाहीर झाला होता.

मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते. पापलेट तिच्यावर ठेवला आणि साडेतेराच्या खुणेलाही पोचला नाही, तर तो पिल्लू आहे. बोंबील पट्टीच्या टोकापुढे तीन सेंटिमीटर गेला पाहिजे. मोजायची रीत जातीप्रमाणे बदलते, काही माशांत शेपटीच्या टोकापर्यंत धरतात, काहींत शेपटीच्या खाचेपर्यंत. तेव्हा दोन-चार मिलिमीटरवरून वाद घालू नका. मुठीएवढ्या पापलेटांचा वाटा लावलेला असतो, तिथे पट्टी काढायचीही गरज पडत नाही.

विचारायचं कसं, हे जास्त महत्त्वाचं.

“मावशी, पापलेट कुठला?”

“धक्क्यावरचा. सकाळीच आणलाय.”

“बर्फातला की ताजा?”

“बर्फातलाच असनार ना दादा. जून चाललाय.”

“मग हा बारीक नको. मोठा असेल तर दे, नाहीतर सुके बोंबील दे.”

संपलं. भाषण नको, फोटो नको, ‘तुमच्यामुळे समुद्र संपला’ तर अजिबात नको. टोपली घेऊन बसलेली कोळीण लिलावात जे मिळालं ते विकते. बारीक आसाचं जाळं तिनं ओढलेलं नाही. पण चार गिऱ्हाइकांनी बारीक माल नाकारला की दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर ती त्या पाटीवर बोली लावत नाही. पिल्लांचा भाव तळाशी बसला की ती पकडायचं कारणच कमी होतं. तळ आणि पट्टी यांचा संबंध असा. ट्रॉलच्या ढिगातला बारीक माल दोनच ठिकाणी खपतो, आपल्या ताटात किंवा कुटीच्या गिरणीत. गिरणी आपल्या हातात नाही.

जून-जुलैत ‘ताजा’ म्हणून विकलेला प्रत्येक समुद्री मासा बेकायदा असतो असंही नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात तिकडचा माल रीतसर येतो. शीतगृहातला माल असतो, खाडीचा असतो, तलावातले रोहू-कटला असतात. आणि सुकट, सोडे, उत्तनच्या वलांडीवर उन्हात वाळलेले बोंबील असतात. पावसाळ्यात सुकं खायची कोकणी रीत कुठल्याही परिपत्रकापेक्षा जुनी आहे.

एक वेगळी गोष्ट दिसली तर मात्र गप्प बसू नका. शोभेच्या वस्तूंच्या किंवा मत्स्यालयाच्या दुकानात खरा प्रवाळ किंवा समुद्रपंखा विकायला असेल तर तो वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. दुकानदाराशी हुज्जत न घालता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

चौथं काम: माहितीचा अर्ज

बंदी पाळली जाते का हे आपल्याला मानपाड्यातून दिसत नाही, पण माहितीच्या अधिकाराखाली कागद मागता येतो. माझ्या मते सामान्य माणसाच्या हातातलं हे सगळ्यात धारदार हत्यार आहे आणि सगळ्यात गंजलेलंही, कारण आपण अर्जात प्रश्न विचारायच्या ऐवजी व्यथा मांडतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. कार्यालय चुकलं तरी घाबरू नका, योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांत अर्ज पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे असा मजकूर चालेल:

‘ठाणे जिल्ह्याच्या सागरी हद्दीत ट्रॉलिंगला मनाई असलेल्या क्षेत्रांच्या सध्या लागू असलेल्या सर्व अधिसूचनांच्या प्रती द्याव्यात. गेल्या आर्थिक वर्षात या क्षेत्रांत नियमभंग केल्याबद्दल कारवाई झालेल्या नौकांची संख्या, कारवाईचे दिनांक, ठोठावलेला दंड आणि प्रत्यक्ष वसूल झालेला दंड यांचा तक्ता द्यावा. याच काळात गस्ती नौका व ड्रोन यांच्या फेऱ्यांच्या नोंदवहीची प्रत द्यावी. किमान आकारमानाच्या आदेशाखाली झालेल्या कारवायांची संख्या द्यावी.’

‘का’ विचारू नका. ‘का’चं उत्तर द्यायला कार्यालय कायद्यानं बांधील नाही, नोंद द्यायला आहे. ‘ठोठावलेला’ आणि ‘वसूल झालेला’ हे दोन आकडे वेगवेगळे मागा. गोम त्या दोन रकान्यांच्या मधे असते.

ड्रोनचा उल्लेख मुद्दाम केला. ९ जानेवारी २०२५ पासून राज्यानं किनाऱ्यावर नऊ ठिकाणी ड्रोनची गस्त सुरू केली, आणि त्यांतलं ठाणे जिल्ह्याचं ठिकाण उत्तन आहे. म्हणजे नोंद असायला हवी. बोटींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची केंद्राची योजनाही ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधूनच सुरू झाली. तेरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख यंत्रं बसवायची आहेत. आपल्या जिल्ह्यात किती बसली, हा दुसऱ्या अर्जाचा विषय होतो.

आंग्रिया बँकेबद्दल केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि राज्याच्या वनविभागाकडे स्वतंत्र अर्ज करा. एकच ओळ पुरते: ‘आंग्रिया बँक निर्दिष्ट क्षेत्र म्हणून जाहीर करण्याच्या प्रस्तावावरील पत्रव्यवहाराच्या प्रती व सद्यस्थिती द्यावी.’

संगणकावर ज्यांचा हात बसला आहे त्यांनी ‘ग्लोबल फिशिंग वॉच’चा नकाशा उघडून पाहावा. तो फुकट आहे आणि मोठ्या नौकांच्या हालचाली त्यावर दिसतात. पण आपल्याकडच्या बहुसंख्य बोटींवर त्या नकाशाला लागणारी यंत्रणा नसते, त्यामुळे कोकणापुढचा समुद्र तिथे रिकामा दिसला म्हणून तो खरोखर रिकामा आहे असं समजू नका.

पाचवं काम: बंद क्षेत्र मागताना कागदावर काय लिहायचं

हे एकट्यानं करू नका आणि मच्छीमारांना वगळून तर मुळीच करू नका. मालवणचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी. ज्यांची रोजीरोटी त्या पाण्यावर, त्यांना विश्वासात घेतलं गेलं नाही अशी भावना राहिली आणि विरोध वर्षानुवर्षं धुमसत राहिला. अंमलबजावणीला जे पाठबळ लागतं ते गावातूनच यायचं असतं, तिथे ते जमलं नाही. प्रवाळ महत्त्वाचे, हे मालवणच्या माणसाला शहरातून जाऊन सांगायची गरज नव्हती. त्याला विचारायची होती.

उलट उदाहरण गोव्याचं. सत्तरच्या दशकात तिथले रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, स्वतः रस्त्यावर उतरले, ट्रॉलरवाल्यांनी किनाऱ्यालगतची मासळी ओढून नेली म्हणून. त्यातून १९८० चा गोव्याचा कायदा आला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत यांत्रिक ट्रॉलिंग बंद झालं. केरळात १९८८ पासूनच्या पावसाळी ट्रॉलबंदीमागेही पारंपरिक मच्छीमारांचीच चळवळ होती. ट्रॉलनं पहिला मार त्यांना बसतो, म्हणून आपले पहिले सोबती तेच.

तेव्हा उत्तनला किंवा वसईला जा, तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या लोकांशी बोला आणि त्यांना कुठलं पाणी बंद हवं आहे ते विचारा. खडक कुठे आहे, जाळी कुठे फाटतात, पिल्लं कुठल्या महिन्यात कुठे असतात, हे तांडेलाला पाठ असतं. तुमचं काम ते कागदावर नीट उतरवणं.

कागदात हद्द अक्षांश-रेखांशांत लिहा, खोली वावात द्या, तळ चिखलाचा की खडकाचा ते लिहा. मग ‘मासेमारी बंद करा’ असं न लिहिता ‘तळावर ओढायची जाळी बंद करा’ असं लिहा. हा फरक सगळ्या मागणीचा कणा आहे. गळ, तरंगती जाळी, डोल यांना त्यात ओढू नका. डोल काही निर्दोष नाही, तिचे आस बारीक असतात आणि तिच्यातही पिल्लं येतात. पण ती एका जागी रोवलेली असते, तळ नांगरत फिरत नाही. तिचा प्रश्न आसाच्या मापानं सोडवायचा, क्षेत्रबंदीनं नाही.

पुढचा मुद्दा भरपाईचा. हाँगकाँगनं ३१ डिसेंबर २०१२ पासून आपल्या सगळ्या पाण्यात ट्रॉलिंग बंद केलं, पण त्याबरोबर ट्रॉलरवाल्यांना मोबदला दिला आणि नौका विकत घ्यायची योजनाही आणली. आपल्याकडे पावसाळी बंदीत पात्र मच्छीमारासाठी जी केंद्राची योजना आहे तिच्यात सरकारचे ३,००० आणि मच्छीमाराचे स्वतःचे १,५०० रुपये, असे मिळून तीन महिन्यांना ४,५०० होतात. महिन्याला दीड हजार. मानपाड्यात यात महिन्याचं वाणसामान भरत नाही. भरपाईचा आकडा न लिहिता बंदी मागणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणं आहे, मी तरी अशा कागदावर सही करणार नाही.

एक परिच्छेद शेजारच्या पाण्यावर हवा. एक क्षेत्र बंद केलं की तिथल्या बोटी घरी बसत नाहीत, त्या रेषेच्या पलीकडे जातात आणि तिथे गर्दी होते. म्हणून बंद क्षेत्राभोवती एक पट्टा आणि पलीकडे किती बोटी चालतील याची मर्यादा, दोन्ही मागा. युरोपीय संघानं २०१६ मध्ये ८०० मीटरहून खोल पाण्यातलं तळाचं ट्रॉलिंग बंद केलं आणि २०२२ मध्ये ४०० ते ८०० मीटर खोलीवरची ८७ क्षेत्रं तळाला टेकणाऱ्या साधनांसाठी बंद केली. तिथेही स्पेन कोर्टात गेलाच. आपल्याकडे खटले होणार नाहीत असं समजून चालू नका. शेवटी मुदत लिहा, काही वर्षांनी पाहणी होईल, कोण करील, अहवाल जनतेला खुला असेल. मुदत आणि पाहणी नसलेली बंदी दोन्ही बाजूंना नकोशी होते.

हा कागद राज्याच्या पाण्यासाठी असेल तर मत्स्यव्यवसाय आयुक्तांना, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि स्थानिक आमदारांना. केंद्राच्या पाण्यासाठी असेल तर केंद्रीय मत्स्यव्यवसाय विभागाला, प्रत खासदारांना. पोच घ्या. मसुदा-अधिसूचना निघाली की हरकती-सूचनांची मुदत थोडी असते, आणि त्या खिडकीत आलेलं पत्र एरवीच्या दहा निवेदनांपेक्षा जास्त मोजलं जातं, कारण त्याची नोंद घ्यावी लागते.

खाडीचा तळही तळच

दोन्ही मानपाड्यांच्या पाठीमागे एकच पाणी वाहतं. उल्हास नदीची खाडी डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदराजवळून मुंब्रा, काल्हेर, कोलशेत करत घोडबंदराकडे वसईच्या समुद्राला जाते. या खाडीत सक्शन पंप लावून चोरून रेती उपसतात आणि महसूल खात्याच्या धाडीही पडत असतात. पंपानं तळ उपसला की खेकडे, कालवं, निवट्या, सगळ्यांचं घर जातं. ट्रॉलच्या फळ्या जे समुद्रात करतात तेच हे, फक्त घराच्या पाचेक किलोमीटरवर. इथे दार मत्स्यव्यवसायाचं नाही, तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांचं आहे. जागा, वेळ आणि लांबून काढलेला फोटो एवढंच द्या, जवळ जाऊ नका, ती माणसं गमतीची नसतात.

सुरुवात कुठून करायची असेल तर माहितीच्या अर्जापासून करा आणि तो मेच्या पहिल्या आठवड्यात टाका. ३० दिवसांची मुदत जूनच्या सुरुवातीला संपते, म्हणजे बोटी किनाऱ्यावर असतात, अधिकारी कार्यालयात असतात आणि १ ऑगस्टच्या आत पुढचं पत्र लिहायला वेळ उरतो. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. त्याला राज्यात वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं.